आधी स्क्रीन, मग मशीन: कोल्हापुरात स्क्रीन प्रिंटिंग शिकताना

लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या छापखान्यात मी सात महिने काम शिकले. तिथले काका लग्नपत्रिका छापायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, मशीन कुठलं घेऊ?" शाईनं माखलेला हात न थांबवता ते म्हणाले, "पोरी, मशीन काय करतीस? आधी स्क्रीन करायला शीक." स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी. डिझाईनपुरती ती उघडी असते, बाकी बंद, आणि उघड्या जागेतून शाई खाली उतरते. मी मात्र काकांचं ऐकलं नाही. घरून पैसे घेऊन चार रंगांचं फिरतं टेबल आणलं आणि पुढं वर्षभर त्याचा एकच हात वापरला. आता कुणी पोरगं माझ्याकडं हाच प्रश्न घेऊन आलं की मी काकांचंच उत्तर देते.

सुरुवातीला लागतं ते एवढंच: गुळगुळीत सनमायका लावलेली फळी, चौकट घट्ट धरणाऱ्या दोन बिजागऱ्या, दोन चौकटी, एक स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी), इमल्शन (जाळीवर लावायचा, उजेडानं घट्ट होणारा द्रव), ते लावायची पन्हळ, एका रंगाची शाई आणि प्रकाश द्यायची पेटी. पेटी मी उद्यमनगरात करून घेतली. पत्र्याचा खोका, आत यूव्ही ट्यूब, वर जाड काच. तिथल्या कारागिराला कागदावर माप काढून दिलं की पुरतं. चौकट लाकडी घ्यायची तर वाळलेल्या सागवानाची घ्या. हलकं लाकूड चार धुण्यांत पीळ खातं आणि मग छपाई एका कोपऱ्यात फिकी येते. जमलं तर ॲल्युमिनियमचीच घ्या. चौकट डिझाईनपेक्षा चारही बाजूंनी चार-पाच इंच मोठी हवी, नाहीतर शाई ठेवायला जागाच उरत नाही.

चौकटीवर ताणायच्या जाळीच्या कापडाच्या नंबराशी नवखा माणूस हमखास अडखळतो. एक दुकानदार ४३ म्हणतो, दुसरा ११०, आणि दोघंही एकाच कापडाबद्दल बोलत असतात. पहिला सेंटीमीटरमधले धागे मोजतो, दुसरा इंचातले. टी-शर्ट आणि कापडी पिशव्यांसाठी ४३ नंबर बरा, बारीक अक्षरं असली तर ७७. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड अशा कागदी कामाला १२० च्या आसपास जा. नंबर वाढेल तशी जाळी बारीक होते आणि शाई कमी उतरते. ताण बघायला बोटानं टिचकी मारा. हलगी तापवल्यासारखा टणक आवाज आला पाहिजे. ढब असा आवाज आला तर ते कापड परत ताणून घ्या, पुढची मेहनत वाया घालवू नका.

आता स्क्रीन करण्याविषयी, कारण सगळा खेळ इथंच आहे. नवं कापड आधी भांड्याच्या साबणानं धुऊन तेलकटपणा घालवायचा. वाळलं की पिवळ्या दिव्याच्या खोलीत पन्हळीनं इमल्शनचा एक हात बाहेरून, एक आतून. चौकट आडवी ठेवायची, छपाईची बाजू खाली, आणि पंख्याखाली वाळू द्यायची. उन्हाळ्यात तासाभरात होतं. पण आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की हवा इतकी दमट होते की चार तासांनीही थर आतून ओला राहतो. हाताला कोरडा लागतो, म्हणून फसायला होतं. ओला थर प्रकाशात नीट पकत नाही आणि धुताना डिझाईनसकट वाहून जातो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात अशा नऊ स्क्रीन गेल्या. आता मी प्लायवूडच्या बंद कपाटात आर्द्रता शोषणारं छोटं यंत्र लावून वाळवते.

डिझाईन बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून चालतं, फक्त काळा रंग गच्च हवा. प्रिंट दिव्यासमोर धरा. काळ्यातून उजेड दिसला तर दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा. कागद काचेवर सरळ वाचता येईल असा ठेवायचा, त्यावर चौकट, आत काळं कापड आणि फोम, वर वजन. माझ्या पेटीला साडेतीन मिनिटं लागतात. तुमचा वेळ तुम्हीच काढायचा. एका स्क्रीनवर पुठ्ठा मिनिटामिनिटाला सरकवत पट्टे पाडा आणि धुऊन बघा कुठला पट्टा नीट उघडला. ही एक स्क्रीन खर्ची पडते, पण पुढच्या पन्नास वाचतात.

धुताना घाई नको. दोन्ही बाजू ओल्या करून मिनिटभर थांबा. आधी काहीच दिसत नाही. मग अक्षरांच्या जागी थर फुगतो, फिकट होतो, आणि हलक्या फवाऱ्यानं पाणी आरपार जायला लागतं. आतल्या बाजूला बोट लावून बुळबुळीत लागलं तर प्रकाश कमी पडला. बारीक रेषा उघडतच नसतील तर जास्त झाला. वाळल्यावर उजेडासमोर धरून सुईएवढी भोकं शोधा आणि ब्रशनं इमल्शन लावून ती बुजवा. प्रत्येक भोक प्रत्येक टी-शर्टवर ठिपका होऊन उतरतं.

छापताना कापड आणि जाळी यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात. आधी दाब न देता शाई जाळीवर पसरायची, मग स्क्विजी थोडी तिरकी धरून एका दमात ओढायची. दाब मनगटातून द्यायचा नाही, दोन्ही खांद्यांतून सारखा द्यायचा. स्क्विजी पुढं गेली की मागं जाळी कापडापासून चट् करून सुटते. तो आवाज आला की समजा, फट बरोबर आहे. हात बसेपर्यंत रद्दी पेपरवर शंभर तरी छापा.

शाई कापडाच्या जातीप्रमाणं घ्यावी लागते, हे मला महागात पडून कळलं. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम सुरू होता आणि एका तालमीच्या पोरांनी बावीस लाल जर्सी आणून दिल्या, पाठीवर पांढरे नंबर हवे होते. मी सुती टी-शर्टला वापरायची ती प्लॅस्टिसॉल, म्हणजे उष्णतेनंच पकणारी प्लॅस्टिकची शाई छापली आणि हीट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाट्यानं दाबणाऱ्या यंत्रात, १६० अंशांवर पक्की केली. छपाई सुरेख आली. दोन दिवसांनी कॅप्टन दारात उभा. "ताई, नंबर गुलाबी झाल्यात." पॉलिएस्टरमधला लाल रंग उष्णतेनं वायूसारखा सुटून पांढऱ्या शाईत चढला होता. सगळ्या जर्सी मी भरून दिल्या. पॉलिएस्टरला कमी तापमानावर पकणारी, रंग अडवणारी वेगळी शाई मिळते, तीच मागा. आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर हात टाकण्याआधी त्याच जातीचा एक तुकडा छापून दोन दिवस ठेवा.

नवख्यांनी सुरुवात पाण्यातल्या शाईनं आणि सुती कापडावर करावी असं माझं ठाम मत आहे. वास नाही, थिनर लागत नाही, चौकट पाण्यानं धुतली जाते. ही शाईसुद्धा उष्णतेनंच पक्की होते. डब्यावर दिलेलं तापमान आणि वेळ पाळा, उन्हात वाळवून काम भागत नाही.

बायक्रोमेट हे क्रोमियमचं रसायन घातलेलं इमल्शन स्वस्त पडतं आणि अजून बरेच जण वापरतात. त्यातल्या क्रोमियमनं कर्करोग होऊ शकतो. मी ते सोडलं, डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर या बिनक्रोमियमच्या जातींचं इमल्शन वापरते. तुम्हीही तेच घ्या, आणि हातमोजे घाला. उरलेली शाई मोरीत ओतू नका. आपल्या गटारांचं पाणी जयंती नाल्यात जातं आणि नाला पंचगंगेला मिळतो. शाई पट्टीनं खरवडून डब्यात परत घालायची, जाळी आधी चिंधीनं पुसायची, मगच पाणी.

पहिलं काम म्हणून कापडी पिशव्या घ्या. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून दुकानदार त्या मागतात, आणि गांधीनगरच्या घाऊक बाजारात कोऱ्या पिशव्या मिळतात. माझं पहिलं धड काम आत्तीनं दिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळीस पिशव्या, एका रंगात, सुगडाचं चित्र आणि खाली दोन ओळी. एक पिशवी मी मुद्दाम जास्तीची छापली आणि आत्तीला म्हटलं, ही रोज धुण्यात टाक. पाचव्या धुण्यानंतर ती पिशवी घेऊनच आली. सुगडाची कड जरा फिकी झाली होती, अक्षरं होती तशीच होती. मग वाणाच्या चाळीस पिशव्या छापायला घेतल्या.