चिरिकोव्ह वर्गात सांगायचा असेल तर

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. विज्ञान दिनाला पोरं रामन, न्यूटन यांचे तक्ते लावतात. मी बोरिस चिरिकोव्ह घेते. हा रशियन भौतिकशास्त्रज्ञ आपल्याकडं फारसा कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून माझी रीत लिहून ठेवते.

जन्म 1928, मृत्यू 2008 असं फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. पोरं वहीत उतरवतात आणि विषय तिथंच संपतो. आधी त्याचं गणित त्यांच्या हातानं करून घ्या.

कॉम्प्युटरवर एक्सेल उघडा. एका रकान्यात कोन, शेजारी वेग. नवा वेग म्हणजे जुना वेग अधिक के गुणिले जुन्या कोनाचा साइन. नवा कोन म्हणजे जुना कोन अधिक नवा वेग, 6.2832 च्या वर गेला की तेवढे वजा करा, शून्याच्या खाली गेला तर तेवढे मिळवा. एवढंच. यालाच स्टँडर्ड मॅप म्हणतात. के म्हणजे दर पायरीला मिळणाऱ्या धक्क्याचा जोर.

कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर तो रेडियनवर आहे ना, हे आधी बघा. पहिल्या वर्षी माझा डिग्रीवर राहिला होता आणि अख्खा तास चुकीचे आकडे लिहिले गेले. पडताळा असा: के 0.5, कोन 3, वेग 0 घेतला तर पुढचा वेग 0.0706 यायला हवा. 0.026 आला तर डिग्री.

पडताळ्याचेच आकडे ठेवून तीनशे ओळी खाली ओढा, आलेख काढा. ठिपके एका बंद वळणावर शिस्तीत बसतात. आता के 5 करा. एका पोराला कोन 0.1 द्या, दुसऱ्याला 0.101, दोघांचा वेग शून्य. सहाव्या पायरीला एकाचा कोन 0.14 च्या आसपास येतो, दुसऱ्याचा 1.3 च्या पुढं. "बाई, माझं चुकलं काय?" असं दोघंही विचारतात. चुकलेलं नसतं, सुरुवातीचा बारीक फरकच वाढत गेलेला असतो. इथं थांबा, घाई करू नका, दोघांच्या वह्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासू द्या.

मग झोका. नागपंचमीला झोका खेळलेल्या पोरींना विचारा, ढकलायचं कधी? तालात ढकललं की झोका चढतो, हा अनुनाद. एकाच हालचालीला असे अनेक अनुनाद असतात. ते एकमेकांपासून लांब असतील तर गती शिस्तीत राहते, एकमेकांवर चढले की त्या दोन वह्यांतल्यासारखी बेशिस्त सुरू होते. चिरिकोव्हनं हा निकष 1959 मध्ये मांडला. चुंबकीय सापळ्यात कोंडलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, निसटतो का, या प्रश्नातून तो निघाला होता. मोठ्या वर्गाला हेही सांगा: साध्या हिशोबानं अनुनाद एकमेकांना भिडायला के सुमारे 2.5 लागतो, पण प्रत्यक्षात बेशिस्तीला अडवणारा शेवटचा बांध के 0.9716 जवळ असतानाच फुटतो, कारण मधले बारीक अनुनादही भर घालतात. त्यानं स्वतः हे ओळखून 1979 च्या आपल्या मोठ्या लेखात निकष सुधारला.

आता चरित्र सांगा, पोरं कान देऊन ऐकतात. जन्म रशियातल्या ओर्योल शहरातला. भौतिकशास्त्रज्ञ गेर्श बुडकर यांच्याबरोबर मॉस्को सोडून सैबेरियात नोवोसिबिर्स्कला गेला, तिथं बुडकरांनी उभारलेल्या अणुभौतिकी संस्थेत शेवटपर्यंत राहिला, विद्यापीठात शिकवलं. 1992 मध्ये रशियन विज्ञान अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. मान मोठा, पण माझ्या मते खरा मान वेगळा आहे: त्या निकषाला जगभर त्याच्याच नावानं ओळखतात.

वेळ उरला तर हॅलेचा धूमकेतू घ्या. 1986 मध्ये तो येऊन गेला, आणि 1989 मध्ये चिरिकोव्ह आणि वेचेस्लावोव्ह यांनी दाखवलं की मुख्यतः गुरूच्या धक्क्यांमुळं त्याची वाटही अशीच बेशिस्त आहे. पोरांच्या एक्सेलमधला के, आणि आकाशातला गुरू. फळ्यावर दोन्ही शेजारी लिहा आणि 0.1, 0.101 वाल्या दोघांनाच पुढं बोलावून बाकीच्यांना समजावू द्या.