तीस वर्षांचं युद्ध पुसताय? आधी या चुका टाळा

‘पानिपत जिंकलं असतं तर’ लिहून कंटाळलेली मंडळी हल्ली युरोपकडे वळली आहेत. १६१८ ते १६४८ या काळात जर्मन संस्थानं जाळून काढणारं तीस वर्षांचं युद्ध झालंच नसतं तर, हा त्यांचा लाडका विषय. दिवाळी अंकासाठी आलेली हस्तलिखितं वाचायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे त्याच त्या चुका माझ्याच टेबलावर येऊन पडतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे प्रागची खिडकी बंद करणं. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे (म्हणजे जर्मन संस्थानांवरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या प्रमुखाचे) दोन कारभारी आणि एक चिटणीस खिडकीतून खाली फेकले. तिघंही जगले, युद्ध मात्र पेटलं. एका होतकरू लेखकाच्या कथेत पहारेकऱ्याने आदल्या रात्रीच त्या खिडकीला खिळे ठोकले होते. सरदार हात हलवत परत गेले आणि पुढच्याच प्रकरणात, १६६० साली, लाइपझिगहून वाफेची गाडी सुटली! मी फोन केला. म्हटलं, “खिळे ठोकलेस, ठीक आहे. पण हे लोक किल्ल्यात आले कशाला होते?” “भांडायला, सर.” “कशावरून?” “ते बघून सांगतो.” कथा लिहून झाल्यावर बघणार!

भांडण जुनं होतं. सम्राट रुडॉल्फने १६०९ मध्ये बोहेमियाला, म्हणजे प्राग ज्याची राजधानी त्या राज्याला, धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. पुढे प्रॉटेस्टंटांचं एक चर्च पाडलं गेलं, दुसऱ्याला टाळं लागलं, आणि १६१७ मध्ये कट्टर कॅथलिक फर्डिनांड राजा म्हणून डोक्यावर बसला. ती खिडकी बंद असती तर शेजारची उघडली असती. बोहेमियाबाहेरही काही आलबेल नव्हतं. १५५५ चा ऑग्सबुर्गचा तह कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांच्यातला; प्रॉटेस्टंटांपैकीच असलेल्या कॅल्विनपंथीयांना त्यात जागाच नव्हती. १६०८ ला रेगेन्सबुर्गची साम्राज्यसभा काही न ठरवता उधळली आणि त्याच वर्षी प्रॉटेस्टंट संस्थानिकांनी आपला संघ काढला. कॅथलिकांनी दुसऱ्या वर्षी उत्तर दिलं. १६०९ मध्ये यूलिख-क्लीव्ह या जर्मन संस्थानाचा ड्यूक निपुत्रिक वारला, वारशावरून दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. फ्रान्सचा चौथा हेन्री त्यात फौज घेऊन उतरणारच होता, तोवर मे १६१० मध्ये पॅरिसच्या रस्त्यात त्याचा खून झाला. म्हणजे वणवा आठ वर्षं आधीच लागायचा होता.

माझी सवय अशी, की इतिहास जिथून वेगळा वळवायचा तो फाटा घटनेत शोधायचा नाही, कुणाच्या तरी होकारात किंवा नकारात शोधायचा. १६१९ मध्ये बंडखोरांनी पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाच्या फ्रेडरिकला बोहेमियाचा मुकुट देऊ केला. वय तेवीस. सासरा, इंग्लंडचा राजा जेम्स, याला हे प्रकरण अजिबात पसंत नव्हतं. तरी पोराने मुकुट घेतला आणि ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत सगळं घालवलं. त्याला ‘नको’ म्हणायला लावा. बंड तरीही चिरडलं जाईल, प्रागच्या चौकात मुंडकी तरीही उडतील. पण पॅलाटिनेटवर फौजा जाणार नाहीत, फ्रेडरिकचं इलेक्टरपद (सम्राट निवडायचा हक्क) बव्हेरियाला मिळणार नाही, आणि एका प्रांताचं बंड बहुधा त्या प्रांतातच राहील. शांतता म्हणून एवढीच मिळते. ज्यांना यापेक्षा गुळगुळीत काही हवंय त्यांनी परीकथा लिहाव्यात.

दुसरी खोड: युद्ध नाही, म्हणून जर्मनी १७०० च्या आतच एक. कसा काय? उलट युद्धातच सम्राटाला एकहाती सत्तेची सगळ्यात मोठी संधी मिळाली होती. त्याचा सेनापती वालेनस्टाइन याची फौज बाल्टिकच्या किनाऱ्याला भिडली होती आणि १६२९ मध्ये, आता सम्राट झालेल्या फर्डिनांडने प्रॉटेस्टंटांकडे गेलेल्या चर्चच्या मालमत्ता परत मागणारा हुकूम काढला होता. युद्ध काढलंत की शेकडो संस्थानिक आपापल्या जागी, आपापल्या भांडणांसकट तसेच. आणि ज्या प्रशियाकडून तुम्ही एकीकरण करवून घेता, त्याचा गाभा असलेल्या ब्रांडेनबुर्गला पूर्व पोमेरेनिया, हाल्बरश्टाट, मिंडेन हे सगळं १६४८ च्या तहानेच मिळालं. तरी माझ्याकडे १६८० मधले टोकदार शिरस्त्राण घातलेले प्रशियन येतातच. असं पान आलं की मी पुढचं वाचत नाही.

बाख आणि हँडेल हे संगीतकार १६८५ लाच जन्माला घालणं हा निव्वळ आळस. त्यांचे आजी-आजोबा युद्धाच्या काळात जगले. युद्ध नसताना त्यांची लग्नं त्याच माणसांशी लागली असती हे कशावरून?

बाकीच्या बारीकसारीक. शेतकऱ्याच्या ताटात रोज बटाटा नको, तो फार नंतरचा. तारखा लिहिताना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलखांत दहा दिवसांचा फरक धरा, दोघांची कॅलेंडरं वेगळी होती; मी वहीच्या पानावर दोन रकाने आखूनच सुरुवात करतो. ‘अर्धा जर्मनी वाचला’ असं सरसकट लिहू नका. वुर्टेम्बर्ग उजाड झालं, हॅम्बुर्गला मात्र फारशी झळ लागली नाही. शिवाय माणसं तलवारीपेक्षा साथींनी आणि उपासमारीने जास्त मेली, आणि प्लेग काही युद्धाची वाट बघत थांबत नाही.

राहता राहिला आपल्याकडचा धागा. कृपा करून शिवाजी महाराजांचा वकील व्हिएन्नाला पाठवू नका, दर वर्षी एक तरी येतो. खरा धागा गोव्यात आहे. पोर्तुगाल १६४० पर्यंत स्पेनच्या राजाखाली होता आणि स्पेनच्या युद्धखर्चाचा बोजा हे तो फुटण्याचं एक मोठं कारण. जर्मनीतलं युद्ध पुसलंत तर लिस्बनचा उठाव कदाचित लांबेल. पण त्याच दमात मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करणारी डच जहाजंही पुसू नका. स्पेन आणि डचांचा बारा वर्षांचा युद्धबंदीचा तह १६२१ ला संपणारच होता, आणि डचांच्या धास्तीने बांधलेला आग्वादचा किल्ला तर १६१२ मध्येच उभा होता.