किराणा दुकानात या चुका टाळा : आठ रुपयांचे चार कुठे होतात

नव्या दुकानदाराला विचारा, तूरडाळ कितीला पडली? तो बिलावरचा भाव सांगतो. गडबड तिथूनच सुरू होते. बिलावरचा तो खरेदीचा भाव. पडता भाव, म्हणजे सगळा खर्च आणि घट धरून माल खरोखर कितीला पडला तो, वेगळा असतो, आणि कट्टा (पोतं) फोडून शेवटचा किलो तोलून होईपर्यंत तो कळत नाही. रॅक कुठून आणावे, बोर्डाला कसले दिवे लावावे, बिलिंगचं ॲप कोणतं चांगलं, याची चौकशी सगळे करतात. कट्ट्याचा हिशेब मात्र कोणालाच नको असतो.

नागपूरच्या मस्कासाथेतून, म्हणजे ठोक बाजारातून, ३० किलोचा कट्टा ११० रुपये किलोने उचलला असं धरा. झाले ३,३००. हमाली आणि ऑटोत त्या कट्ट्याच्या वाट्याला ३० रुपये आले. किलोकिलोच्या ३० थैल्या भरायच्या, तर रुपयाची एक धरून थैल्यांचे आणखी ३०. इथवर लोक येतात, फार तर वहीत लिहितातही. पुढचं कोणी लिहीत नाही. निवडताना चुरी, खडा, सांडलेलं मिळून दोनशे ग्रॅम गेलं. थैली तोलताना हात झुकतं माप देतो. काट्यावर १,००५ दिसलं तरी चालतं, १,०१० दिसलं तरी चालतं, ९९५ दिसलं की मात्र चिमूट टाकलीच जाते. एका थैलीला दहा ग्रॅम जास्त गेले तर तीस थैल्यांत ३०० ग्रॅम होतात. तीस किलोतून हाती विकायला आली साडेएकोणतीसच. आता भागाकार करा. ३,३६० भागिले २९.५ म्हणजे ११३ रुपये ९० पैसे. तुम्ही डाळ ११८ ने विकताय आणि डोक्यात किलोमागे आठ रुपये नफा धरून बसलाय. सुटतात चार रुपये दहा पैसे. दुकानभाडं, वीजबिल, पोराचा पगार यातूनच जायचाय.

हे टाळायला ॲप लागत नाही. नवा कट्टा फोडला की त्याच्यावर मार्करने तारीख आणि किलो लिहा, आणि संपला की किती थैल्या निघाल्या ते त्याच बारदान्यावर लिहून आठवडाभर बाजूला ठेवा. तीन-चार कट्टे झाले की प्रत्येक मालाची घट तुम्हाला तोंडपाठ होते. साखरेची कमी, पोह्यांची जास्त, कारण पोह्यांचा भुगा होतो. चुरी फेकू नका, वेगळी तोला. तोलल्याशिवाय ती किती जाते यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

याच हिशेबात अजून दोन खड्डे आहेत. तांदळाचा कट्टा २६ किलोचा आहे की ३० चा, हे न बघता दोन व्यापाऱ्यांचे भाव ताडून पाहणारे रोज भेटतात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्याला ५ टक्के जीएसटी लागला. २६ किलोचे कट्टे त्यानंतर इतके दिसू लागले ते उगाच नाही. भाव नेहमी किलोवर आणूनच बोला. दुसरा खड्डा तेलाचा. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. सोयाबीन तेलाचं एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरमध्ये साडेतेरा किलोच्या थोडंच वर तेल असतं. लिटरचा डबा किलोच्या भावात ‘स्वस्त’ मिळाला म्हणून उड्या मारणाऱ्याला डबा संपल्यावर कळतं. पाकिटांचंही तेच. पाकीट लिटरचं दिसतं, आत ९१० ग्रॅम आहे की ८५०, ते मागच्या बाजूला छापलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचतं, दुकानदार वाचत नाही.

काटा

काउंटरवरचा नेहमीचा ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पाच-पाच ग्रॅमने पुढे सरकतो. त्याच्या पट्टीवर कमीत कमी वजन १०० ग्रॅम असं लिहिलेलंही असतं. तरी लोक त्याच्यावर ५० ग्रॅम वेलची तोलतात. ३,००० रुपये किलोच्या वेलचीत पाच ग्रॅमची चूक म्हणजे १५ रुपये. मसाले, वेलची, केशर यांना बारीक तोलणारा वेगळा काटा लागतो, आणि तोही सरकारी पडताळणीचा शिक्का मारलेलाच हवा. ऑनलाइन तीन-चारशेला मिळणारा खिशातला काटा दुकानात ठेवणं म्हणजे दंडाची तयारी. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते. वजनांची दोन वर्षांनी. प्रमाणपत्र काट्याजवळ लावा, कपाटात नको.

आकडा नाचत असेल तर लगेच मेकॅनिकला फोन लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पहिला संशय कूलरवर घ्यायचा. कूलरची हवा थेट ताटावर येत असेल तर आकडा स्थिर राहतच नाही. कूलर बंद करून बघा. मग काटा सपाट बसलाय का हे दाखवणारा बुडबुडा मधोमध आहे का ते पाहा, काउंटरची फळी उन्हाने वाकलेली असते. मग बॅटरी. उतरलेल्या बॅटरीवर काटा चालू दिसतो, पण आकडा भटकतो. आणि सगळ्यात शेवटी जे बघितलं जातं ते खरं तर सगळ्यात आधी बघायचं. ताट उचला. खाली डाळीचा एखादा दाणा ताट आणि बॉडी यांच्यात अडकलेला सापडेल. तो दाणा वजनाचा काही भाग स्वतःवर घेतो, काटा कमी दाखवतो, आणि तुम्ही दर किलोला जास्त माल देत राहता. गिऱ्हाईक याची तक्रार कधी करणार नाही. रोज सकाळी ताट पुसायचं, शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेवून बघायचं, मगच शटर पूर्ण वर करायचं. थैलीचं वजन शून्य करून घ्यायलाही याच वेळी शिका.

उधारी

उधारी देऊ नका असं सांगणाऱ्याने कधी गल्लीतलं दुकान चालवलेलं नसतं. नागपुरात मानेवाड्याकडच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वस्तीत, बिनउधारीचं दुकान चालतच नाही. चूक देण्यात नाही, आकडा न ठरवता देण्यात आहे.

ती सुरू कशी होते ते बघा. संध्याकाळी साडेसातला काउंटरवर चार लोक उभे असतात. शेजारच्या घरचा पोरगा येतो, एक लिटर तेल, पाव किलो गूळ, दोन मॅगी. म्हणतो, “काका, आईनं सांगितलं लिहून ठेवा, पगार झाला की देऊन देते.” तुम्ही गर्दीत मान हलवता आणि ‘नंतर लिहू’ म्हणून सोडून देता. रात्री वहीत लिहिताना गूळ आठवत नाही. महिन्याने घरच्या बाई म्हणतात मॅगी दोन नाही, एकच होती. तुमच्याकडे उत्तर नसतं. त्या दिवसापासून त्या बाई पलीकडच्या दुकानात जातात, रोखीने. पैसेही गेले, गिऱ्हाईकही गेलं.

म्हणून माल हातात देण्याआधी लिहायचं, गर्दी थांबली तरी चालेल. नग आणि वजनासकट लिहायचं, नुसतं ‘किराणा १८०’ नाही. पोरगं आलं असेल तर तिथल्या तिथे घरच्या व्हॉट्सॲपवर तोच मजकूर पाठवायचा. नव्या गिऱ्हाइकाला पहिला महिना रोख. नंतर पंधरा दिवसांच्या नेहमीच्या खरेदीएवढी मर्यादा, आणि ती पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायची. नंतर सांगितली तर अपमान वाटतो. पगार १ ते ७ तारखेत होतात. १० तारखेला हिशेब झाला नाही तर नवीन उधार बंद, भांडण न करता.

ज्याला हे कडक वाटतं त्याने एवढंच गणित करावं. हातात सरासरी चार टक्के सुटत असतील आणि पाच हजार बुडाले, तर ते भरून काढायला सव्वा लाखाची विक्री लागते.

पावसाळ्याआधीचा माल

मेमध्ये कट्टे जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, तेव्हा काही होत नाही. मृगाच्या सरी आल्या की भिंत ओल धरते आणि तळाचे दोन-तीन किलो कुबट होतात. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर जागा. रवा, बेसन, मैदा जून ते सप्टेंबर आठवड्यापुरताच घ्या, जाळी धरायला वेळच मिळू नये. नवा माल मागे, जुना पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं, करतं कोणी नाही, कारण नवा कट्टा पुढे टाकणं सोपं. पोळ्याच्या पुरणासाठी म्हणून गुळाच्या भेल्या जुलैतच भरून ठेवणारे भेटतात. पावसाळी हवेत गूळ पाझरतो. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी घ्या, दोन रुपये जास्त पडले तरी.

किडीसाठी सेल्फॉसची गोळी कट्ट्यात टाकण्याचा शॉर्टकट कोणी सुचवला तर त्याला दुकानाबाहेर काढा. तिच्यातून निघणारा वायू माणूस मारतो, आणि दुकानाच्या मागे-वर बहुतेक आपलीच माणसं झोपलेली असतात.

बारीकसारीक

एमआरपीवर थंड करण्याचे दोन रुपये घेणं बेकायदेशीर आहे, फ्रीज तुमचा असला तरी.

स्कीमच्या मोहात बारा पेट्यांवर एक फुकट घेताना विचारा, त्या बारा मुदतीआधी खपतील का. सेल्समनला त्याचा टार्गेट दिसतो, तुमची तारीख दिसत नाही.

घरी नेलेलं तेलाचं पाकीटही वहीत लिहा, नाहीतर पोरावर उगाच संशय येतो.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा हिरवा टिक म्हणजे पैसे आले असं नाही. साउंडबॉक्स बोलला पाहिजे किंवा तुमच्या फोनवर नोंद दिसली पाहिजे. आणि काउंटरवरचा क्यूआर रोज सकाळी फोनने स्कॅन करून नाव तुमचंच येतं का ते तपासा. त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवायला दहा सेकंद पुरतात, तेही तुम्ही आतून साखर आणायला गेलात तेवढ्यात.