मोटरहोमची मोरी तुंबली? केस उपसण्याआधी टाकी आणि हवा तपासा

घरातली मोरी तुंबली की दहांपैकी नऊ वेळा केसांचा गुंता निघतो. मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, तसे धरून चालता येत नाही. शॉवरच्या ट्रेखाली जेमतेम वीतभर जागा, तिच्यातून जाणारा दीड इंची पाइप, त्याला नावापुरता ढाळ आणि पुढे सांडपाण्याची टाकी. टाकी भरली की पाणी परतून वर येते, तेही गाडीतल्या सर्वांत खालच्या भोकातून. ते भोक म्हणजे शॉवरची मोरी. त्यामुळे पाणी हळू जात असेल तर चार शक्यता असतात: टाकी भरली आहे, गाडी तिरकी उभी आहे, हवेला यायला-जायला वाट नाही किंवा खरोखरच काहीतरी अडकले आहे. याच क्रमाने तपासावे. पहिल्या दोन कारणांसाठी एकही हत्यार लागत नाही, आणि सरळ काहीतरी ओतायला किंवा खुपसायला गेले तर चांगला सांधाही निखळतो.

खालची मापे अमेरिका आणि कॅनडातल्या नेहमीच्या मोटरहोमची आहेत. युरोपीय गाड्या जिथे वेगळ्या असतात तिथे तसे सांगितले आहे.

आधी मोजून घ्या

‘हळू जाते’ म्हणजे किती हळू? मोटरहोमचा शॉवर साधारणपणे मिनिटाला ६ ते ७ लिटर पाणी सोडतो. मोरीचा वेग त्याहून जास्त हवा. बादलीत ५ लिटर पाणी घ्या, ट्रेमध्ये एकदम ओता आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांच्या आत ट्रे रिकामा झाला तर मोरी ठीक आहे. मिनिटाच्या वर गेले तर काम काढा. आकडा लिहून ठेवा, प्रत्येक उपायानंतर हीच चाचणी पुन्हा करायची आहे.

वेळ मोजताना पाणी कुठे थांबते तेही पाहा. मोरीभोवती तळे साचले तर दोष मोरीत किंवा तिच्या पुढे आहे. मोरी कोरडी आणि पाणी समोरच्या कोपऱ्यात असेल तर गाडी तिरकी आहे, पाइपचा काही दोष नाही.

टाकी

टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. टाकीच्या भिंतीतल्या खुंट्यांवर साबणाचा आणि तेलाचा थर बसला की दिवे काहीही दाखवतात. डम्प स्टेशनला, म्हणजे गाडीच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी जा, होज (सांडपाण्याची जाड नळी) जोडा, आधी शौचालयाची टाकी आणि मग सांडपाण्याची टाकी सोडा. या क्रमाने साबणाचे पाणी होज धुऊन काढते. मोरी लगेच मोकळी झाली तर टाकीच भरलेली होती.

एक फसवी गोष्ट इथे घडते. ज्या गाड्यांत व्हॉल्व्हची मूठ लांब केबलने जोडलेली असते तिथे केबल सैल झाली की मूठ पूर्ण बाहेर येते, पण आतले पाते अर्धेच सरकते. पाणी थोडे वाहून थांबते आणि टाकी रिकामी झाली असे वाटते. होजला पारदर्शक कोपरा लावला तर हे डोळ्यांनी दिसते. काही गाड्यांत स्वयंपाकघराची सांडपाण्याची टाकी वेगळी असते; शॉवरची कोणती ते आधी खात्री करून घ्या.

ढाळ

शॉवरच्या ट्रेला मोरीकडे अगदी थोडा उतार असतो. गाडी विरुद्ध बाजूला थोडी जरी कलली तरी तो उतार संपतो. पाणसळ ट्रेमध्ये नको, शेजारी गाडीच्याच सपाट फरशीवर ठेवा, एकदा गाडीच्या रुंदीत आणि एकदा लांबीत. मोरी ज्या दिशेला आहे ती बाजू किंचित खाली राहील अशी चाकाखाली फळी सरकवा. अनेक युरोपीय गाड्यांच्या ट्रेला दोन मोऱ्या असतात त्या यासाठीच: गाडी कशीही उभी केली तरी एक खालच्या बाजूला येते. तिथे एक मोरी कोरडी राहणे हा बिघाड नाही.

हवा, म्हणजे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण

पाणी खाली जायचे तर तेवढी हवा टाकीतून बाहेर पडली पाहिजे. तेलाचा डबा एकाच भोकाने ओतला तर जसा गचके देत ओततो, तसेच इथे होते. ओळखायची खूण म्हणजे आवाज. मोरीतून गुडगुड येते, वॉशबेसिन सोडले की शॉवरच्या मोरीत बुडबुडे फुटतात, किंवा पाणी थांबते, मग एक ढेकर दिल्यासारखा आवाज होऊन एकदम ओसरते.

खात्री करायची तर टाकी जवळपास रिकामी असताना, होज डम्प स्टेशनला जोडलेलाच ठेवून, सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आणि ५ लिटरची चाचणी घ्या. व्हॉल्व्ह बंद असताना मिनिटभर लागत होते आणि उघडल्यावर अर्ध्या मिनिटात पाणी गेले, तर टाकीचा श्वास कोंडला आहे.

हवेच्या वाटा दोन असतात आणि त्यांचे काम वेगळे आहे. सिंकखाली पाइपच्या टोकाला काळ्या किंवा पांढऱ्या टोपीसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. टाकीतली हवा बाहेर पडते ती छतावर जाणाऱ्या पाइपातून. म्हणून छतावरचा पाइप बंद असेल तर सिंकखालचा व्हॉल्व्ह कितीही वेळा बदलला तरी फरक पडणार नाही.

सिंकखालचा व्हॉल्व्ह तपासणे सोपे आहे. हाताने फिरवून काढा आणि चाचणी घ्या. वेग वाढला तर बहुधा तोच अडकला होता; पण छतावरचा पाइप बंद असला तरी या उघड्या भोकातून हवा सुटून वेग वाढतो, म्हणून तोही तपासा. स्प्रिंगचे स्वस्त व्हॉल्व्ह काही वर्षांनी चिकटतात, त्यांची दुरुस्ती करत बसू नये. दीड इंची आट्यांचा नवा आणा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे द्या आणि हातानेच आवळा. तो सरळ उभाच राहिला पाहिजे. ती जागा उघडी ठेवून गाडी वापरू नका, टाकीचा वास थेट घरात येतो.

छतावर जायचे असेल तर गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा घ्या म्हणजे वजन पसरते. पाइपवरच्या टोपीचे स्क्रू काढून आत टॉर्च मारा. गांधीलमाशीचे घर, पाने, पक्ष्याने आणलेल्या काड्या, हे नेहमीचे पाहुणे. चिमट्याने काढता येईल तेवढे वर ओढा, उरलेल्यावर बागेच्या नळीने हलके पाणी सोडा. टोपी परत बसवताना रबरी छतावर साधे सिलिकॉन लावू नका, ते नीट धरत नाही आणि पुढच्या वेळी खरवडून काढताना जीव जातो. मोटरहोमच्या छतासाठी स्वतः पसरणारे सीलंट मिळते ते वापरा.

पाइप वरून स्वच्छ दिसूनही गुडगुड थांबत नसेल तर आणखी एक शक्यता राहते. तो पाइप टाकीच्या माथ्यावरच्या रबरी कड्यात नुसता खोचलेला असतो. प्रवासातल्या हादऱ्यांनी तो खाली घसरतो आणि त्याचे टोक टाकीतल्या पाण्यात बुडते. टाकी रिकामी असताना सगळे सुरळीत आणि पाव-अर्धी भरली की मोरी मंदावते, ही त्याची खूण. पाइप वरून धरून ५ सेंटिमीटर उचला आणि छताखाली क्लॅम्पने धरून ठेवा.

आता केस

इथवर सगळे ठीक असेल तरच जाळी काढायची. लागणाऱ्या वस्तू: स्क्रूड्रायव्हर, काटेरी प्लास्टिकची पट्टी (साधारण ५० सेंटिमीटर लांब), टॉर्च, रबरी हातमोजे, पसरट भांडे, जुने फडके.

जाळी एक-दोन स्क्रूने किंवा नुसत्या दाबाने बसलेली असते. ती काढून आधी टॉर्चने आत पाहा आणि खाली कोणता सापळा (टाकीचा वास वर येऊ न देणारा भाग) आहे ते ओळखा. यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आत स्थिर पाणी चमकत असेल तर वाकड्या पाइपचा नेहमीचा सापळा आहे. पाणी दिसत नसेल तर बहुधा बिनपाण्याचा, आत मऊ पडदा असलेला सरळ सापळा आहे. हेपवो या नावाने तो ओळखला जातो. अनेक नव्या मोटरहोममध्ये शॉवरखाली हाच असतो, कारण तो आडवा बसतो आणि थंडीत गोठून फुटत नाही.

वाकड्या सापळ्यात काटेरी पट्टी सावकाश खाली सरकवा, अर्धा वेढा फिरवा आणि तशाच सावकाशीने वर ओढा. तीन-चार वेळा करा. केसांची दोरी अर्धी तुटून खाली राहिली तर दुप्पट काम होते, म्हणून हिसका नको.

पडद्याच्या सापळ्यात मात्र काहीही खुपसायचे नाही. काट्याने पडदा फाटला की तो सापळा गेलाच. ट्रेच्या कडेची झडप उघडून किंवा बाहेरच्या सामानाच्या कप्प्यातून तिथे पोहोचा, दोन्ही बाजूंचे मोठे नट हाताने सैल करा, सापळा काढून कोमट साबणपाण्याने धुवा. अडकलेला केस बोटांनी काढा. परत बसवताना अंगावरचा बाण टाकीच्या दिशेने हवा. उलटा बसवला तर थेंबही पुढे जात नाही.

पट्टीने वाकडा सापळा मोकळा झाला नाही तर तोही उघडा. खाली भांडे ठेवा, नट हाताने फिरवा. बसवताना वायसरची निमुळती बाजू सांध्याच्या आत गेली पाहिजे, नटाकडे नव्हे. हाताने आवळून झाल्यावर पान्ह्याने पाव वेढा, बस्स. जास्त आवळले की प्लास्टिकचा नट चिरतो, आणि चिरलेला नट आज नाही तर पुढच्या खड्ड्यात गळतो.

साबणाचा थर

केस निघाले, तरी वेग अर्धाच सुधारला, तर पाइपच्या आत थर आहे. भांडी घासायचे लिक्विड २ मोठे चमचे मोरीत घाला, वर ४ लिटर गरम पाणी ओता, २० मिनिटे थांबा, मग पुन्हा ४ लिटर. पाणी ६० अंशांच्या आतले असावे, उकळते नको. पाइप प्लास्टिकचे आहेत आणि उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो. थर जुना असेल तर एन्झाइमचे क्लीनर रात्रभर ठेवा. सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. नुकसान नाही, फायदाही फारसा नाही.

कॉस्टिकचे ड्रेन क्लीनर किंवा ॲसिड घालू नये. कॉस्टिक केस विरघळवते हे खरे, पण ते विरघळताना तापते, आणि इथे ते वाहून सार्वजनिक गटारात न जाता तुमच्याच टाकीत किंवा लोंबलेल्या पाइपात बसून राहते. पुढे सापळा उघडणाऱ्याच्या हातावर तेच सांडते. ॲसिडचे क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि मोटरहोमचे न्हाणीघर म्हणजे बंद कपाट.

प्लंजर चालतो, पण जपून. आधी वॉशबेसिनची मोरी ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. मग ८-१० छोटे, हलके धक्के. ट्रे पातळ असतो आणि मोरीचे रबर नुसत्या आवळणीवर बसलेले असते. अंगातली ताकद लावली तर गळती थेट खालच्या प्लायवूडमध्ये जाते. पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर वाकड्या सापळ्यासाठी तो प्लंजरपेक्षा बरा. फडक्याने कडा बंद करून १० सेकंद ओढा. नंतर सापळ्यात अर्धा लिटर पाणी घालायला विसरू नका, नाहीतर वास येतो.

लोंबलेला पाइप

दर काही आठवड्यांनी तीच तक्रार परत येत असेल तर गाडीखाली वाका. पाइपला मीटरला साधारण २ सेंटिमीटर ढाळ हवा. पट्टा तुटून पाइप मधेच झोळीसारखा लोंबला असेल तर त्या झोळीत पाणी, साबण, केस कायमचे मुक्कामाला असतात. दर अर्ध्या मीटरवर पट्टा लावून ढाळ परत द्या. युरोपीय गाड्यांत आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या काही कॅरव्हॅनमध्ये वळ्यावळ्यांची लवचीक नळी असते. तिच्या प्रत्येक वळीत केस अडकतो. आतून गुळगुळीत नळी टाकणे हाच तिथला टिकाऊ उपाय.

सगळे जोडून झाल्यावर ५ लिटरची चाचणी पुन्हा घ्या आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर दिसतो.

जाळीवर केस धरणारी रबरी टोपी ठेवली तर निम्मे काम वाचते. डोक्याला खोबरेल लावून न्हाणाऱ्यांनी आधी केस विंचरून गळणारे केस कचऱ्यात टाकावेत. तेल आणि साबण मिळून जो चिकट गोळा होतो त्याला काटेरी पट्टीही नीट धरत नाही. दिवाळीच्या सहलीत उटणे लावायचे असेल तर बाहेर तसराळ्यात धुवावे, त्याची भरड सापळ्याच्या तळाशी वाळूसारखी बसते. आणि थंडीत गाडी उभी करून ठेवणार असाल तर वाकड्या सापळ्यात कपभर गुलाबी अँटिफ्रीझ ओता, मोटरहोमच्या पाण्याच्या पाइपांसाठी मिळते तेच. इंजिनच्या रेडिएटरचे हिरवे नको, ते विषारी असते.