हिस्ट्री घेताना या चुका टाळा: पेशंट खोटं बोलत नाही, प्रश्न चुकतो

अनशापोटी शुगर 212. दोन वर्षं आटोक्यात असलेल्या मावशींचा रिपोर्ट बघून इंटर्न गोळी वाढवायच्या बेतात होता. मी विचारलं, "मावशी, सकाळी काही खाल्लं होतं का?"

"नाही हो डॉक्टर, आज चतुर्थी ना. उपास आहे."

"मग उपासाचं काय खाल्लं?"

"खिचडी, साबुदाण्याची. वाटीभरच. आणि चहा."

"उपाशीपोटी या" असं आम्हीच सांगितलं होतं, आणि मावशी त्यांच्या हिशेबाने उपाशीच आल्या होत्या. त्या दिवशी गोळी वाढली असती, तर चार दिवसांनी शुगर खाली जाऊन चक्कर येऊन पडल्यावर "पेशंट नीट सांगत नाहीत" म्हणायला आम्ही मोकळे.

ग्रामीण केंद्रावर इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींबरोबर मी बरीच वर्षं ओपीडीत बसतो आहे. 2019च्या बॅचपासून एमबीबीएसला संवाद आणि वर्तणुकीचा वेगळा भाग आला, ॲटकॉम नावाचा. चांगलं झालं. पण त्यातल्या नाटुकल्यात पेशंट झालेला असतो वर्गमित्र, आणि तो उत्तरं देतो तुमच्याच भाषेत. खरी ओपीडी तशी नसते. तिथे हिस्ट्री घेताना, म्हणजे पेशंटला त्याच्या आजाराबद्दल विचारताना, वारंवार दिसणाऱ्या काही चुका इथे मांडतो. यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

"काही व्यसन?" असं विचारणं

उत्तर ठरलेलं: "नाही." केसपेपरवर "व्यसन नाही" लिहिलं जातं आणि बाईंच्या हिरड्या काळ्या पडलेल्या असतात. मशेरी हे त्यांच्या लेखी व्यसन नाहीच, ते दात घासणं आहे. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दिवसातून चार-पाच वेळा लावली जाते, गरोदरपणातही. त्यामुळे "तंबाखू खाता का?" या प्रश्नालाही त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. पुरुषांच्या बाबतीतही तेच. व्यसन म्हणजे रोज पिऊन पडणारा तो गल्लीतला दुसरा कोणीतरी. "दिवसभर काम करून अंग दुखतं, संध्याकाळी थोडी घेता का?" असं विचारलं की आकडा बाहेर येतो, आणि तोही खऱ्याच्या निम्माच आहे असं धरून चाला.

ओळखीचा शब्द कळला असं समजणं

"पित्त झालंय" म्हणजे काय? छातीत जळजळ असेल, अर्धं डोकं दुखून उलटी होत असेल, नाहीतर अंगावर गांध्या उठल्या असतील. तिन्हींना एकच शब्द. मी इंटर्न असताना अंगभर खाजणाऱ्या एका आजोबांना ॲसिडिटीची गोळी लिहून दिली होती. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले आणि निमूटपणे सदरा वर केला.

"वारं गेलं" म्हणजे गॅस नव्हे, अर्धांगवायू. "खाली झाली" म्हणजे गर्भ गेला. "मोकळी झाली" म्हणजे बाळंत झाली. "पोट पडलं" आणि "पोट पाडलं" यांत एका काना-मात्रेचा फरक आहे, पण सासूसमोर दुसरा शब्द उच्चारलात तर त्या बाईची पुढची चार वर्षं खराब करून ठेवाल. "मुलं किती?" या प्रश्नात कित्येक घरी मुली धरत नाहीत, आणि दगावलेलं बाळ तर कुणीच धरत नाही. म्हणून "दिवस किती वेळा गेले?" असं विचारायचं.

ऑल इंडियाच्या 15 टक्के कोट्यातून आलेल्या परराज्यांतल्या मुलांना हे अवघड जातं, यात नवल नाही. गंमत अशी की पुण्या-मुंबईची मराठी मुलंही इथेच अडकतात, कारण त्यांना वाटतं भाषा येते. बाहेरचा मुलगा निदान "म्हणजे काय?" असं विचारतो तरी.

सासूला दुभाषी करणं

सून खुर्चीवर आणि सासू मागे उभी. प्रश्न सुनेला, उत्तर सासूकडून. अशा वेळी "तुम्ही बाहेर थांबा" म्हणालात तर पुढच्या वेळी सून येणारच नाही. माझ्या जुन्या सिस्टरांची युक्ती अजून चालते: "आजी, जरा एवढा केसपेपर खिडकीवर देऊन शिक्का मारून आणता का?" शिक्क्याची काही गरज नसते. तेवढ्या पाच मिनिटांत सून सांगते की तीन महिने अंगावरून पांढरं जातंय.

हे घरात न बोलणं किती खोल असतं ते गडचिरोलीत मोजलं गेलंय. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेली होती फक्त 8 टक्क्यांची.

दहा वर्षांच्या मुलाला आईचा दुभाषी करू नका, एवढं सांगायची वेळ येऊ नये, पण येते. मेळघाटात तर कोरकू मराठीच्या जवळपासचीही नाही. तिथे आशाताईंना बोलवा, आणि बाई दोन मिनिटं बोलल्यावर दुभाषी "नाही म्हणते" एवढंच सांगत असेल तर पुन्हा विचारा.

समाजागणिक यादी पाठ करणं

ही चूक हुशार मुलांची. मुस्लिम म्हणजे रोजा, जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, असं वहीत लिहून ठेवतात आणि आडनाव वाचलं की यादी लावतात. एका इंटर्नने एका काकांना रोजावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. काका हसून म्हणाले, "डॉक्टरसाहब, दहा वर्षं झाली, बायपासनंतर मी ठेवतच नाही."

माहिती असावीच, पण प्रश्न विचारण्यापुरती. इन्सुलिनवरच्या माणसाला रमजानच्या दीड-दोन महिने आधी विचारायचं, "यंदा रोजे ठेवणार आहात का?" म्हणजे सेहरी आणि इफ्तारप्रमाणे डोस बसवायला वेळ मिळतो. बोट टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, आणि 70च्या खाली गेली तर रोजा सोडायचा, हे घरच्यांसमोर आधीच बोलून ठेवायचं. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, त्यांना "रात्री झोपताना एक" लिहून देणं म्हणजे ती गोळी कपाटात जाणार. कॅप्सूलचं कवच बहुधा जनावराच्या जिलेटिनचं असतं, हे कित्येकांना ठाऊक असतं. तेही बोलत नाहीत, नुसतं घेत नाहीत.

चटके बघून रागावणं

तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिसले की कुणाचंही डोकं फिरतं. माझंही फिरलं होतं. आईला मी जे बोललो त्यानंतर ती बाळ घेऊन निघून गेली, न्युमोनियासकट. नर्सताई संध्याकाळी पाड्यावर जाऊन तिला परत घेऊन आल्या, म्हणून निभावलं. ती आई बाळाला मारायला निघालेली नव्हती. पोट फुगलं म्हणून रात्री भूमकाकडे, म्हणजे पाड्यावरच्या वैदूकडे, गेली होती, आणि सकाळ होताच अकरा किलोमीटर चालत आमच्याकडे आली होती. आधी श्वास मोजा, ऑक्सिजन लावा. चटक्यांबद्दल तिसऱ्या दिवशी बोला, बाळ अंगावर प्यायला लागल्यावर. तेव्हा ती ऐकते.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेच्या दवाखान्याबद्दल आदिवासींना आधी विचारलं गेलं, दवाखान्याची भीती का वाटते? उत्तरांत एक होतं: तुम्ही पांढरे कपडे घालता, आम्ही मढ्याला पांढऱ्यात गुंडाळतो. म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला, नातेवाईक जवळ राहू शकतील असा, आणि त्याला नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. तुमच्या हातात इमारत नाही, पण एप्रन काढून खाटेजवळच्या स्टुलावर बसणं तर आहे.

प्रत्येक गोष्ट 'संस्कृती' म्हणून सोडून देणं

पेशंट फेरतपासणीला आला नाही की आजकाल मुलं लगेच लिहितात: "अंधश्रद्धा, जागरूकतेचा अभाव." आधी बघा, तुम्ही दिलेली तारीख बाजाराच्या दिवशी तर नाही ना? परतीची एसटी किती वाजता सुटते? बीडकडचा पेशंट असेल तर दिवाळीच्या सुमारास टोळी ऊसतोडीला निघते आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. त्याला तीस दिवसांच्या गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात या" सांगितलं, तर तो कारखान्यावरच्या कोपीतून, त्या तात्पुरत्या झोपडीतून, येणार कसा? मागच्या ऑक्टोबरात आमच्या एका इंटर्नने टोळी निघायच्या आदल्या दिवशी तिघांना तीन-तीन महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या दिल्या आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव कार्डाच्या मागे लिहून दिलं. एप्रिलमध्ये तिघांपैकी दोघे ते कार्ड घेऊन परत आले. त्यावर त्या केंद्राचे शिक्के होते.