क्लिक झालं, पण कळलं का? इंटरॅक्टिव्ह धडे बनवताना या चुका टाळा

हृदयाच्या रचनेवर मी एकदा धडा बनवला होता. मध्ये चित्र, खाली आठ नावं. नाव उचलायचं आणि योग्य चौकटीत सोडायचं. जागा चुकली की नाव टुणकन परत खाली. वापरून बघायला एका मुलीला दिला आणि शेजारी गप्प बसून राहिलो. तिनं ‘डावं निलय’ उचललं, चित्राच्या डाव्या बाजूला सोडलं. परत आलं. पुन्हा तिथेच, जरा वर. परत आलं. मग तिला युक्ती सापडली: एकेक नाव घ्यायचं आणि सगळ्या चौकटींवरून फिरवायचं, चिकटेल तिथे चिकटेल. दोन मिनिटांत आठही नावं जागेवर, पडद्यावर ‘शाब्बास!’ आणि रंगीत फुगे. मी चित्र झाकलं आणि विचारलं, "डावं निलय कुठल्या बाजूला होतं?" तिनं खांदे उडवले.

अहवालात तिला शंभर टक्के गुण होते.

शिकणाऱ्याकडे लक्ष मोजकंच असतं. ते विषयावर खर्च व्हायला हवं, आणि बरेचदा आपला पडदाच ते खाऊन टाकतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत, काही तर दोनदा.

हात चालतो, डोकं स्वस्थ

त्या मुलीची अडचण साधी होती. शरीराचं चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. हे एक वाक्य तिला हवं होतं. माझा धडा मात्र नाव परत फेकण्यापलीकडे काही बोलत नव्हता. ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ हा प्रतिसाद म्हणजे नुसतं दार आपटणं. चूक का झाली याचा अंदाज बांधून त्या चुकीला उत्तर द्यायला हवं. त्यासाठी शिकणारे नेमके कुठे घसरतात हे आधी माहीत पाहिजे, आणि ते सॉफ्टवेअर सांगत नाही, वर्गात शिकवणारा माणूस सांगतो.

मी नंतर तीन गोष्टी बदलल्या. नाव लगेच चिकटणं बंद केलं; सगळ्या चौकटी भरल्यावरच ‘तपासा’ हे बटण चालतं, त्यामुळे फिरवाफिरवीचा उपयोग उरत नाही. यादीत कुठेच न बसणारी दोन जादा नावं टाकली, म्हणजे शेवटचं नाव आपोआप जागेवर पडत नाही. आणि नावं लावण्याआधी एक प्रश्न ठेवला: डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का असावी? उजवं निलय रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलतं, डाव्याला ते साऱ्या शरीरभर पोचवायचं असतं. एवढं कळलं की नाव पाठ करावं लागत नाही.

प्रत्येक क्लिकला हीच कसोटी लावा: हा काढला तर शिकणाऱ्याचा कुठला विचार हुकेल? काहीच हुकत नसेल तर काढा. उलटणारी कार्डं मला याच कारणाने आवडत नाहीत. चार ओळींचा परिच्छेद चार कार्डांच्या पाठीवर लपवला म्हणून तो इंटरॅक्टिव्ह होत नाही, वाचायला चौपट वेळ लागतो इतकंच. तेच कार्ड ‘आधी उत्तर आठवा, मग उलटा’ अशा कामाला लावलं तर गोष्ट वेगळी.

वाचू की ऐकू?

पडद्यावर परिच्छेद आणि निवेदक तोच शब्दन्‌शब्द वाचतोय, ही चूक इतकी सर्रास होते की ती चूक वाटेनाशी झाली आहे. आपण डोळ्यांनी वाचतो तो वेग आणि आवाजाचा वेग जुळत नाही. मग मन दोन्हींची सांगड घालण्यात अडकतं. त्यात शेजारी अ‍ॅनिमेशन चालू असेल तर डोळे मजकुरावर आणि चित्र वाऱ्यावर. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ साली आकलनावरच्या भाराचा सिद्धांत मांडला आणि पुढे रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियावर अनेक प्रयोग करून हेच दाखवलं: चित्र आणि निवेदन पुरे, वर तोच मजकूर लादला की शिकणं सहसा घटतं. पडद्यावर मोजके कळीचे शब्द ठेवा, बाकी आवाजाला बोलू द्या.

याचा सोयीस्कर अर्थ काढून कॅप्शन उडवू नका. ज्याला ऐकू येत नाही, जो गोंगाटात बसलाय, ज्याची ही पहिली भाषा नाही, त्याचा धडा कॅप्शनवरच चालतो. चालू-बंद करण्याचं बटण द्या, वाद मिटतो.

चित्रात १ ते ८ आकडे आणि तळाशी त्यांची यादी, हा छापील पुस्तकातून आलेला वारसा. नजर वर-खाली हेलपाटे घालत राहते. नाव भागाच्या शेजारीच लिहा. आणि ज्या क्षणी निवेदक ‘झडप’ म्हणतो, त्याच क्षणी झडप उजळू द्या, दोन सेकंदांनी नव्हे.

पार्श्वसंगीताबद्दल एकच सांगतो: बंद करा. मजेशीर पण विषयाबाहेरच्या गोष्टींचंही तेच. नेमक्या त्याच लक्षात राहतात.

‘पुढे’ला कुलूप

निवेदन संपेपर्यंत ‘पुढे’ बटण बंद ठेवायचं, म्हणजे सगळे ऐकतील, अशी समजूत असते. प्रत्यक्षात लोक आवाज बंद करतात, दुसरी खिडकी उघडतात आणि बटण जागं झालं का हे अधूनमधून बघतात. ज्याला विषय येतो त्याला पुढे जाऊ द्या. ज्याला येत नाही त्याला थांबता, मागे जाता, वेग कमी करता येऊ द्या. समजलं का हे पाहायचं असेल तर प्रश्न विचारा, घड्याळ लावू नका.

लांबीबद्दल २०१४ सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी निदान निम्म्या सत्रांत पाहणं सहा मिनिटांपुढे जात नव्हतं. पण म्हणून घड्याळ बघून सहाव्या मिनिटाला कात्री लावू नका. एक कल्पना पूर्ण झाली की तुकडा संपवा. साडेतीन मिनिटांत झाली तर साडेतीन.

मी कुठे आहे?

धड्यात असताना शिकणाऱ्याला चार गोष्टी न शोधता दिसायला हव्यात: मी कुठे आहे, किती उरलंय, मागे कसं जायचं, बंद केलं तर केलेलं काम राहील का. नुसत्या चिन्हांवर भरवसा ठेवू नका. घराचं चित्र म्हणजे धड्याची सुरुवात की सगळ्या धड्यांची यादी, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. चिन्हाखाली शब्द लिहा. ‘पुढे’ बटण एका पानावर उजवीकडे आणि दुसऱ्यावर मध्यभागी, असंही नको.

दाबल्यावर काहीतरी लगेच घडलं पाहिजे. एका दशांश सेकंदाच्या आत पडदा हलला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे वळतो. सिम्युलेशन उघडायला वेळ लागणारच असेल तर निदान प्रगतीची पट्टी दाखवा. नाहीतर लोक बटण पाच वेळा दाबतात आणि मग खरंच अडकतं.

दिसणं, पोचणं

माझ्या त्या चित्रात ऑक्सिजनयुक्त रक्त लाल आणि बाकीचं निळं होतं. फरक सांगायला फक्त रंग. रंगांधळेपणा पुरुषांत बराच आढळतो, त्यामुळे रंगासोबत बाण, रेघांची नक्षी किंवा नाव हवंच. (शिवाय रक्त खरंच निळं असतं असं मानणारी मुलं याच चित्रांनी तयार केली आहेत.) मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा, फिकट राखाडी अक्षरं डिझाइनरच्या मोठ्या पडद्यावरच शोभतात. ऑक्टोबर २०२३ मधल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांत दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितली आहे, आणि ओढून सोडण्याच्या प्रत्येक कामाला ओढावं न लागणारा पर्यायही. नाव एकदा दाबून मग जागा दाबायची, एवढी सोय पुरते. ज्याचा हात थरथरतो त्याला ती लागतेच, छोट्या फोनवर सगळ्यांनाच लागते.

देवनागरीत आणखी दोन खाचखळगे. इंग्रजीच्या साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, आणि दोन ओळींतलं अंतर कमी असेल तर रफार आणि उकार कापले जातात.

तक्रारी आणि त्यांची मुळं

‘आवाज येत नाही.’ क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आपोआप वाजणारा आवाज रोखायला सुरुवात केली, इतर ब्राउझरही रोखतात. पहिल्या पानावर ‘सुरू करा’ बटण ठेवा; एकदा बोट लागलं की आवाज चालतो.

‘फोनवर माहितीच उघडत नाही.’ ती कर्सर वर नेल्यावर उघडणारी ठेवली असेल. बोटाला ‘वर नेणं’ नसतं. दाबून उघडू द्या.

‘कालचं केलेलं गेलं.’ सर्वांत चिवट तक्रार. धडा स्कॉर्म १.२ मध्ये (स्कॉर्म म्हणजे ऑनलाइन शिक्षण-प्रणालीत धडे चालवण्याचा ठरलेला साचा) काढला असेल तर मधली स्थिती साठवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा मिळते. लांब धडा, भरपूर प्रश्न, की ती भरते आणि पुढचं काही जतन होत नाही. पहिली दहा पानं नीट चालतात, म्हणून चाचणीत हे सापडतही नाही. धडा तोडा किंवा स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती वापरा. तिथे मर्यादा ६४,००० आहे.

‘अक्षरांऐवजी भलतंच दिसतं.’ मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. रूपांतर करून घ्या, आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं बिघडलेली सापडतील.

‘जुना धडा उघडतच नाही.’ फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशन-तंत्रात बनवलेला असेल. अडोबीने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला. मूळ फाइल असली तरी नव्याने बांधणंच सहसा स्वस्त पडतं.

चाचणी शेवटी नको

सगळं रंगवून झाल्यावर चाचणी घेतली की कुणालाच काही बदलायची इच्छा उरत नाही. कागदावर चौकटी काढा आणि त्याच दाखवा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: एका फेरीला पाच माणसं पुरतात, मग दुरुस्ती करून पुन्हा पाच. माणसं विषय न येणारी निवडा, सहकारी नकोत. आणि मदत करू नका. अवघड जातं, माझं तर बोट आपोआप पडद्याकडे जायचं, म्हणून मी हातात चहाचा कप धरून बसतो.

हृदयाचा धडा दुरुस्त केल्यावर एका मुलाला दिला. त्यानेही ‘डावं निलय’ डावीकडेच लावलं आणि ‘तपासा’ दाबलं. समोर आलं: ‘हा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे.’ त्याने स्वतःचा डावा हात छातीवर ठेवला, खुर्ची वळवून पडद्याकडे पाठ केली, मान मागे फिरवून चित्र पाहिलं, आणि नाव पलीकडे नेलं.