शुगर कमी होऊन भोवळ आली? या चुका टाळा

एकादशीचा कडक उपवास, पण सकाळची ग्लिमेपिराइडची (डायबेटिसमध्ये शुगर उतरवणारी) गोळी नेहमीसारखीच घेतलेली. दुपारी आजी देवघरासमोरच कोसळतात. घरात धावाधाव होते आणि कुणीतरी साखरपाण्याचा पेला थेट त्यांच्या तोंडाला लावतं. सगळ्यात जीवघेणी चूक हीच. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि तो गुदमरतो.

शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. दातखीळ बसली म्हणून चमचाही खुपसू नका. कुशीवर वळवा, श्वास चालू आहे ना ते बघत राहा आणि लगेच १०८ ला फोन लावा. ‘शुगरचा पेशंट आहे, अमुक गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे’ हे फोनवरच सांगा. कांदा नाहीतर चप्पल हुंगवत बसण्यात मोलाची मिनिटं जातात.

माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर मात्र क्षणभरही थांबू नका. दरदरून घाम, हातांना थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडचिड ही शुगर उतरल्याची लक्षणं. रस्त्यात अशा माणसाला लोक दारुडा समजून पुढे निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

इथे दुसरी चूक होते: ‘डायबेटिसवाल्याला साखर कशी द्यायची?’ द्यायचीच! ग्लुकोमीटर (शुगर तपासायचं यंत्र) हाताशी नसेल तरी द्या. एकदा जास्तीची साखर गेल्याने होणारं नुकसान, मेंदूला ग्लुकोज न मिळाल्याने होणाऱ्या नुकसानापुढे काहीच नाही. तीन-चार चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजा. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. डाएट कोल्ड्रिंक आणि शुगर-फ्रीच्या गोळ्या इथे निरुपयोगी. पेशंटच्या डायबेटिसच्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध असेल, तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही. साधी ग्लुकोज पावडरच द्या. अशा घरात तिचा डबा कायम हवा.

१५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. बोटाला साखर लागलेली असेल तर रीडिंग खोटं जास्त येतं, म्हणून हात धुऊन पुसून घ्या. अजून ७० (mg/dL) च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर पोटभरीचं काहीतरी खायला घाला. उपवास त्या दिवशी मोडायचाच.

आणि तरतरी आली म्हणून पेशंटला एकटं सोडून कामाला लागू नका. ग्लिमेपिराइडचा असर जवळपास दिवसभर राहतो, त्यामुळे दुपारी सावरलेली शुगर रात्री झोपेत पुन्हा घसरू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि पुढचा डोस त्यांना विचारूनच द्या.